‘पोळा’ लिहिलंय आणि पोरं ‘पोया’ वाचतात: दुसरीसाठी पोळ्याचा उतारा कसा करू?

दोनशिक्षकी | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे. दुसरीत सतरा मुलं. माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे इथली भाषा मला अजून पाहुणीसारखीच आहे.

येत्या २२ तारखेला पोळा. म्हटलं, मुलांच्या डोक्यात सध्या तेवढंच आहे, तर वाचनाचा उतारा त्यावरच करू. रात्री बसून आठ ओळी लिहिल्या:

“श्रावण अमावस्येला पोळा हा सण साजरा केला जातो. पोळा हा बैलांप्रती कृतज्ञता व्यक्त करण्याचा सण आहे. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात…” वगैरे.

सकाळी वाचायला दिला. पहिल्याच शब्दाला गाडी अडली. ‘श्रा’वर तीन मिनिटं गेली, ‘अमावस्येला’वर वर्ग गारठला. ‘कृतज्ञता’ सोडूनच द्या. पुढे ‘पोळा’ आला तर एकजात सगळ्यांनी ‘पोया’ वाचलं. हळदीला ‘हयद’. आणि खांदेमळणी (बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळणं) म्हणजे काय ते कोणालाच माहीत नाही. मी समजावून सांगितल्यावर एक पोरगी म्हणाली, “मॅडम, ते त खांद शेकनी!”

आता प्रश्न असा. निपुण भारतच्या (पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान) लक्ष्यांत दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचायचे आहेत. घड्याळ लावून बसले की ‘पोया’ चूक धरायचं का? आणि उतारा नव्याने कसा लिहू? सतरापैकी बैल फक्त चौघांकडे आहेत हेही सांगून ठेवते.

---

पाटीपेन्सिल | १० ऑगस्ट, रात्री १०:०५

ताई, राग मानू नका, पण तुमचा उतारा मुलांसाठी नाहीच, तो तपासणीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांसाठी आहे. मीही तीस वर्षं असेच उतारे लिहिले, म्हणून हक्काने बोलतो.

‘श्रावण अमावस्येला’ ही सुरुवात आपण का करतो? कारण निबंधाच्या वहीत तशी करायची सवय लागलेली असते. सहा-सात वर्षांच्या पोराच्या दृष्टीने पोळा तिथीपासून सुरू होत नाही. बाप बैल घेऊन नदीवर निघाला की सुरू होतो. शिवाय त्या एका ओळीत दोन जोडाक्षरं सुरुवातीलाच मांडून ठेवलीत.

आता या सणाचेच शब्द बघा: झूल, शिंग, कासरा, वेसण, तोरण, घुंगरू, गोंडा, बेगड. एकातही जोडाक्षर नाही! बैल स्वतः दोन अक्षरांचा. दोन मात्रांचा घोळ होतो, पोरं ‘बईल’ लिहितात, ते होऊ द्या. इतकं सोपं, भरलेलं शब्दांचं गोठाघर दारात असताना ‘कृतज्ञता व्यक्त’ कशाला?

आणि ‘पोया’ चूक नाही. पुण्यातलं मूल ‘ज्ञान’ वाचताना ‘द्न्यान’ म्हणतं तेव्हा कुठे आपण काट मारतो? डोळ्यांनी ळ पाहिला, तोंडाने घरचा उच्चार काढला, अर्थ कळला. वाचन झालं.

---

वऱ्हाडी_ठेचा | १० ऑगस्ट, रात्री १०:३१

ह्या धाग्यावर मी मुक्काम ठोकणार. लहानपणी मलाही ‘डोया’ वाचला म्हणून छडी बसली आहे. डोळ्यादेखत.

ताई, इथल्या पोट्ट्यांकडून हे गोळा करा: मठाठी (बैलाच्या कपाळावर बांधतात ती), चवर, झूल, बोजारा (बैल घरोघरी नेल्यावर गड्याला मिळतात ते पैसे), आखर (गावाबाहेरची जागा, जिथे जोड्या उभ्या करतात). आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. मानकऱ्याच्या हातून ते तुटलं की *पोळा फुटला*. फुटला म्हणजे एकदम धुरळाच, सगळे बैल मारुतीकडे. मुंबईला मी हे मुलाला सांगितलं तर त्याने विचारलं, “फुग्यासारखा?” मी म्हटलं हो बाबा, साधारण तसंच.

आणि झडत्या! पोळ्यात बैल उभे असताना एकेकजण मोठ्याने म्हणतो ते तुकडे. प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळा गाव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणतो. चार-सहा ओळी, यमक घट्ट, शेवटची ओळ ठरलेली. वाचायला शिकणाऱ्या पोराला यापेक्षा चांगलं काय देणार? शेवट त्याला आधीच पाठ असतो, मधलंच तेवढं वाचायचं.

---

शंकासुर | ११ ऑगस्ट, सकाळी ७:४८

मुद्दा रुचणार नाही, तरी मांडतो. सरकारी शाळेत एका धर्माच्या सणावर उतारा, वर ‘हर हर महादेव’ म्हणायला लावायचं? राज्यघटनेचं कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. वर्गातल्या इतर मुलांचं काय?

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ ऑगस्ट, सकाळी ८:०२

आले. मी वाटच बघत होतो.

---

दोनशिक्षकी | ११ ऑगस्ट, रात्री ८:५५

शंकासुर, प्रश्न योग्य आहे. मीही तो स्वतःला विचारला होता. सणाची माहिती वाचणं वेगळं आणि वर्गात पूजा करून घेणं वेगळं, ही रेघ मी पाळते. झडतीचा शेवट वाचताना ‘गावातले लोक असं म्हणतात’ एवढंच सांगेन, म्हणायला लावणार नाही. वर्गात दोन मुस्लिम मुलं आहेत. गंमत म्हणजे ज्या चार घरी बैल आहेत त्यातलं एक त्यांच्यापैकी एकाचं. त्याच्या अब्बांची जोडी दरवर्षी तोरणाखाली उभी असते. पोळा बैलाचा असतो, ज्याचा बैल त्याचा पोळा, असं इथे सरळ गणित आहे.

मला जास्त बोच लागली आहे ती दुसरीच. तेरा मुलांकडे बैल नाहीत. एकाने आज सांगितलं, “माह्या बाबानं बैल इकले, आता टॅक्टर सांगते.” (म्हणजे ट्रॅक्टर भाड्याने बोलावतात.) त्याला मी काय वाचायला देऊ?

---

पंचगंगा | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

देशभरच तसं आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गोवंशातले नर ४ कोटी ७४ लाखांच्या आसपास भरले, २०१२ पेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी. आमच्या कोल्हापूर भागात पोळ्याऐवजी बेंदूर असतो, आषाढात. पुष्कळ घरी बैलच नसल्याने कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात. ताई साताऱ्याच्या, त्यांना सांगायला नको. कर्नाटकी बेंदूर तर त्याहून आधी, ज्येष्ठ पौर्णिमेला.

पण मला वरचा ‘पोया’चा लाड पटला नाही. पाटीपेन्सिल, तुमचं मन मोठं आहे हे मान्य. उद्या हीच मुलं शिष्यवृत्ती परीक्षेला बसतील, तिथे ‘हयद’ लिहिलं तर गुण कोण देणार? प्रमाणभाषा शिकण्याची त्यांना एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा. ती आपण त्यांच्यापासून काढून घेतोय. शहरातल्या मुलांना ती घरी फुकट मिळते.

---

पाटीपेन्सिल | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

तुमचा मुद्दा हलका नाही. पण तुम्ही उच्चार आणि लेखन एका दावणीला बांधताय. मी ‘पोळा’ असंच *लिहा* म्हणतोय. मूल ते *वाचताना* पोया म्हणालं तर घड्याळ थांबवू नका, इतकंच. लेखनात ळ आलाच पाहिजे, आणि तो येतोही, कारण पाहून-पाहून डोळ्यांत बसतो. ज्या मुलाला प्रत्येक ळला टोकलं, त्याला मी तिसरीत ळ आला की तोंड मिटून घेताना पाहिलंय.

दुसरं: सुरुवात मुलांच्या बोलण्यापासून करा. एकेका मुलाने पोळ्याबद्दल एकच वाक्य सांगायचं, तुम्ही फळ्यावर लिहायचं, आणि तेच वाक्य त्याने बोट ठेवून वाचायचं. वाक्य त्याचं असल्यामुळे पुढचा शब्द कोणता ते त्याला ठाऊक असतं, त्यामुळे अक्षराशी झटापट निम्मी होते. नवं काही नाही यात. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मराठी वाचनावर जे काम उभं केलं, त्यातून आमच्यासारखे कित्येक शिक्षक मुलांच्या बोलीकडे आदराने बघायला शिकले.

---

पंचगंगा | ११ ऑगस्ट, रात्री १०:३४

आणि मूल म्हणालं “बैलाले आंघोय घालते”, तर फळ्यावर काय लिहायचं? हेच ना? की तुम्ही गुपचूप “बैलाला आंघोळ घालतात” लिहिणार? तसं असेल तर ते वाक्य त्याचं राहिलंच कुठे?

---

पाटीपेन्सिल | ११ ऑगस्ट, रात्री १०:५१

इथे पकडलंत. मी वर्षानुवर्षं गुपचूप बदलत आलोय. मुलाला ते कळतं आणि ते काही बोलत नाही. ताईंनीच सांगावं काय करता येईल.

---

टेम्सकाठची | १२ ऑगस्ट, पहाटे ३:१५ (भारतीय वेळ)

जरा लांबून बोलते. मुलगी लंडनजवळच्या प्राथमिक शाळेत. इंग्लंडच्या सरकारी शाळांत धर्मांबद्दल शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि पालकांना नको असेल तर मुलाला त्या तासातून काढून घेता येतं. शंकासुर यांनी मांडलेल्या प्रश्नावर हा एक वेगळा तोडगा, म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी तिच्या वर्गात दिवाळीचा उतारा होता. राम अयोध्येला परत आले, लोकांनी दिवे लावले, लक्ष्मीपूजन, मिठाई. खाली प्रश्न: ‘हिंदू दिवाळीत काय करतात?’ लेकीने लिहिलं, “मातीचा किल्ला करतात आणि अंगठ्याने कडू फळ फोडतात.” आम्ही बागेत किल्ला केला होता, आणि कारीट मिळत नाही म्हणून आजोबांनी तिला छोट्या काकडीवर समाधान मानायला लावलं होतं. उत्तर चूक! कारण उताऱ्यात नाही. शेजारची तमिळ मुलगी पहाटेच्या तेलाच्या आंघोळीबद्दल लिहून आली, तिचंही चूक. गुजराती मुलाने नवं वर्ष लिहिलं. शीख मुलाने सांगितलं की त्या दिवशी आम्ही गुरू हरगोविंदांची सुटका आठवतो. चौघं जेवणाच्या सुट्टीत भांडली, खरी दिवाळी कोणाची यावर.

बाई चांगल्या होत्या. मी भेटल्यावर म्हणाल्या, “मला एकच दिवाळी माहीत होती.” तेव्हा ताई, उताऱ्याखाली ‘तुमच्या घरी काय करतात?’ हा एक प्रश्न ठेवाच. त्याला चूक उत्तर नसतं.

---

कुकडी_खोरं | १२ ऑगस्ट, सकाळी ९:०८

वरच्या बाईंना पूर्ण पाठिंबा. जुन्नरकडच्या आमच्या भागात पोळा श्रावणात नसतोच! भाद्रपद अमावस्येला असतो, म्हणजे या वर्षी २१ सप्टेंबरला. शाळेत ‘पोळा श्रावण अमावस्येला असतो’ असं पाठ करून घेतलेलं. मी घरी येऊन आज्याला सांगितलं, तुम्ही महिनाभर उशिरा करताय. आजा म्हणाला, “बैलाला इचार.”

---

सायीचं_दही | १२ ऑगस्ट, दुपारी १:३०

पोळ्याच्याच दिवशी पिठोरी अमावस्या असते हे विसरू नका. आमच्या घरी आई वाणाचं ताट डोक्यावर मागे धरून विचारायची, “अतित कोण?” आणि आम्ही मागून ताटातलं घेत म्हणायचो, “मी!” दोन शब्दांचा प्रश्न, एका अक्षराचं उत्तर. पहिलीच्या पोरांना संवादवाचन म्हणून देता येईल. ज्यांच्या घरी बैल नाही, त्यांच्या घरी आई तर आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा | १२ ऑगस्ट, दुपारी २:१०

एक अक्षर वाचून खाऊ मिळतोय म्हटल्यावर मी आजही पहिलीत बसेन.

बैल नसलेल्यांसाठी आमचा तान्हा पोळा आहे की! दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. नागपुरात दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला म्हणतात. नागपुरात त्याच दिवशी काळी-पिवळी मारबत (मोठे पुतळे) निघते, ‘इडा पिडा घेऊन जा’ म्हणत. तुमचा टॅक्टरवाला गडी तान्ह्या पोळ्यात राजा असणार, बघा.

---

दोनशिक्षकी | २४ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१७

उशीर झाला. सविस्तर लिहिते, कारण काही जमलं आणि काही फसलं.

पहिला उतारा फाडला. १३ तारखेला वर्गात विचारलं, “पोळ्याला काय होतं? एकेकाने एकच सांगा.” सतरा वाक्यं आली. फळ्याचे मी दोन भाग केले. डावीकडे मूल जसं बोललं तसं: “बैलाले हयद अन् तूप लावते.” उजवीकडे: “बैलाला हळद आणि तूप लावतात.” वर मथळे दिले, ‘घरची ओळ’ आणि ‘पुस्तकाची ओळ’. पंचगंगा, तुमच्या टोकण्यामुळेच हे सुचलं, आभार. मुलांनी दोन्ही वाचल्या. दोन दिवसांनी तर खेळच झाला, मी पुस्तकाची ओळ म्हणायची आणि त्यांनी घरची. मग उलट. उलटं करताना ‘ते लावते’चं ‘ते लावतात’ होतं, हे एका पोरीने स्वतः पकडलं. व्याकरणाचा तास घेतला असता तर पंधरा दिवस गेले असते.

वर्गातलं सगळ्यात मागे असलेलं पोर, ज्याला अजून काना-मात्रा नीट येत नाही, त्याने बैलाच्या सामानाची यादी सांगितली. मी थांबवेपर्यंत अकरा नावं. त्यातली तीन मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी चुकीचं लिहिलं की तो हसायचा. मी ‘मटाठी’ लिहिलं, तो उठून फळ्याजवळ आला आणि म्हणाला, “ठ ना मॅडम, ठमाठमा ठ.” त्याला ठ येतो हे मला त्या दिवशी कळलं.

फसलं ते झडत्यांचं. एक आजोबा हौसेने शाळेत आले, त्यांनी पाच-सहा म्हणून दाखवल्या. त्यातल्या दोन-तीन वर्गात लिहिण्यासारख्या नव्हत्या. पोरांना नेमक्या त्याच पाठ झाल्या. वऱ्हाडी_ठेचा, तुम्ही आधी सांगायला हवं होतं! उरलेल्यांपैकी एक कागदावर उतरवून घेतली. शेवट आला की मी नुसतं थांबायचे, म्हणायचं की नाही ते मुलांवर. शंकासुर, बहुतेकांनी म्हटला, दोघं-तिघं गप्प राहिले, कोणी कोणाकडे बघितलंही नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी डावीकडचा फळा पाहून भुवई उंचावली. “हे अशुद्ध पुसा.” मी पुसलं नाही, उजवीकडचं मुलांकडून वाचून घेतलं. ते काही न बोलता वहीत काहीतरी लिहून गेले. काय लिहिलं ते यथावकाश कळेलच.

आता आवतणाचं. आदल्या दिवशी खांद शेकताना इथे बैलाला तोंडी आमंत्रण देतात: “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” म्हटलं, हीच चिठ्ठी लिहू. प्रत्येकाने आपल्या बैलासाठी आवतण लिहायचं, चार ओळी, शेवटची ठरलेली. आणि संध्याकाळी बैलासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. ऐकणारा खरा असला की वाचनाला काय जोर येतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. घड्याळ नाही, मी नाही, समोर बैल.

ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांनी शेजारच्यांच्या बैलाला वाचून दाखवलं. दोघींनी लाकडी बैलाला. ‘टॅक्टर सांगते’वाल्याने मला विचारलं होतं, टॅक्टरला लिहिलं तर चालेल का. त्याची चिठ्ठी अशी होती: “टॅक्टर दादा, तू आमचं वावर वखरतो. तुले खांद नाई म्हनून तूप नाई. डिजल पेऊन जाजो. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” ‘खांद नाई म्हनून तूप नाई’ वाचून मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. घरची ओळ आहे, तशीच ठेवली.

---

पंचगंगा | २४ ऑगस्ट, रात्री १०:४५

मुद्दा अजून सोडलेला नाही, तिसरीत गेल्यावर विचारेनच. पण ‘घरची ओळ, पुस्तकाची ओळ’ मी उचलणार. आमच्याकडे ‘आलोय’चं ‘आलोया’ होतं.

---

शंकासुर | २४ ऑगस्ट, रात्री ११:०३

थांबण्याची युक्ती आवडली. ट्रॅक्टरची चिठ्ठी घरी वाचून दाखवली.

---

कुकडी_खोरं | २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आमचा पोळा अजून महिनाभर पुढे आहे. गावातल्या शाळेच्या गुरुजींना हा धागा पाठवतोय. आमच्या बाजूला आवतण देत नाहीत, त्यामुळे ओळी आमच्या आम्हालाच शोधाव्या लागतील.

---

टेम्सकाठची | २५ ऑगस्ट, दुपारी १२:२०

ताई, सगळ्या चिठ्ठ्यांचे फोटो टाकाल का? नावं झाकून. लेकीला दाखवायच्या आहेत.

---

दोनशिक्षकी | २५ ऑगस्ट, रात्री ९:३०

टाकते, पण सोळाच आहेत. मागे असलेल्या त्या पोराची नाही. त्याने बैलाला वाचून दाखवलं आणि कागद समोर धरला, तर बैलाने तो खाल्ला. आज सकाळी शाळा उघडायच्या आधी दारात उभा होता, दुसरा कागद मागत. म्हणाला, “त्याले आवडलं मॅडम, आनखी लिव्हाच लागते.”